चार चुली, एक पंगत

आजचा विषय फुटबॉल आहे म्हटल्यावर काही जणी म्हणतील, त्याचं आम्हाला काय? तो पोरांचा खेळ, आणि गोष्टही परदेशातली. पण जरा धीर धरा. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट चेंडूची कमी आणि एकत्र येण्याची जास्त आहे. दहा-बारा जणींचा गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ, हे आपल्याला आता पाठ झालंय. एकत्र आलं की बळ वाढतं, हे आपण अनुभवलंय. पण मोठ्या संघात जाताना छोट्या गटाच्या मनात एक धाकधूक असते. आपलं नाव राहील का? आपलं कोणी ऐकेल का? उद्या पटलं नाही तर परत आपल्यापुरतं होता येईल का? ब्रिटनमधले फुटबॉलप्रेमी हेच प्रश्न कित्येक वर्षं विचारत आले आहेत.

आधी घर समजून घेऊ. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांच्या देशाला आपण सरसकट इंग्लंड म्हणतो. खरं तर त्या एका देशाचे चार भाग आहेत : इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. लंडनची संसद सगळ्यांची, सैन्य एक, पासपोर्ट एक. फुटबॉलमध्ये मात्र चौघांच्या चुली वेगळ्या. चार संघटना, चार संघ, चार रंगांच्या जर्सी. विश्वचषकाला ब्रिटन नावाचा संघ कधी जात नाही. इंग्लंड जातो, स्कॉटलंड जातो, ज्याचं नशीब आणि पाय साथ देतील तो जातो. १९५८ साली तर चारही संघ एकाच विश्वचषकाला पोचले होते. तसं त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही.

हे असं का? तर या चुली फार जुन्या आहेत. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो शहरात स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा सामना झाला. एकही गोल झाला नाही. पण दोन देशांच्या संघांमधला जगातला पहिला अधिकृत फुटबॉल सामना म्हणून त्याचीच नोंद आहे. जगभरच्या फुटबॉलचा कारभार बघणारी फिफा ही संस्था निघाली १९०४ साली. म्हणजे वाडा बांधण्याच्या तीस वर्षं आधीपासून या चुली पेटलेल्या होत्या. १८८६ साली खेळाचे नियम ठरवायला या चौघांनी एक मंडळ काढलं. आजही नियम त्याच मंडळात बदलतात. तिथे एकूण आठ मतं आहेत : चार फिफाची आणि या चार संघटनांचं एकेक. नियम बदलायला सहा मतं लागतात. एकाच देशाला चार मतं कशी, असं बाकीच्यांच्या मनात येणारच. म्हणून या चौघांना कायम भीती वाटते, की आपण एकदा एक झालो तर जग म्हणेल, मग एकच राहा ना!

ही भीती सगळ्यांना सारखी नाही. इंग्लंडची लोकसंख्या साडेपाच कोटींहून जास्त. स्कॉटलंडची साधारण ५५ लाख, वेल्सची ३१ लाख, उत्तर आयर्लंडची १९ लाख. या तिघांची मिळूनही आपल्या एकट्या मुंबईइतकी भरत नाही. असे चार जण एका पंगतीला बसले तर पाटावर कोण पुढे असेल हे सांगायला नको. त्यात ऑलिंपिकला ज्या नावाने संघ उतरतो ते नाव आहे ग्रेट ब्रिटन. उत्तर आयर्लंड ग्रेट ब्रिटन या बेटावर नाहीच. देशाच्या पूर्ण नावात त्याचा वेगळा उल्लेख असतो, पण संघाच्या नावात तो गळतो. शेत कसायचं आणि सातबाऱ्यावर नाव नाही, यातलं दुःख आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून चौघं कधी एकत्र आलेच नाहीत, असं मात्र नाही. १० मे १९४७ ची गोष्ट. दुसरं महायुद्ध संपलं होतं. फिफाची तिजोरी रिकामी झाली होती. त्या आधीच्या वर्षी ब्रिटनच्या संघटना फिफात परत आल्या होत्या. तेव्हा मदत म्हणून एक सामना ठरला : एका बाजूला ग्रेट ब्रिटन, दुसऱ्या बाजूला बाकी युरोप. ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर सुमारे १ लाख ३५ हजार लोक जमले. ब्रिटनने ६-१ असा विजय मिळवला आणि सामन्याचं उत्पन्न फिफाला मिळालं. त्या दिवशीच्या अकरा जणांत पाच इंग्लंडचे, तीन स्कॉटलंडचे, दोन वेल्सचे आणि एक उत्तर आयर्लंडचा होता. चौघांचंही ताट मांडलेलं होतं, काम ठरलेलं होतं आणि दिवस एकच होता. सामना संपला, आपापल्या घरी गेले.

ऑलिंपिकची गोष्ट वेगळी. तिथे देश म्हणून ब्रिटन एकच धरला जातो. त्यामुळे फुटबॉल खेळायचा तर एकाच नावाने खेळावं लागतं. सुरुवातीला यावरून फार वाद झाला नाही, कारण ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. पगारी, नावाजलेले खेळाडू तिथे जात नसत. १९०८ आणि १९१२ साली ब्रिटनने सुवर्णपदक मिळवलं, पण तो संघ इंग्लंडच्या हौशी खेळाडूंचाच होता. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक झालं तेव्हा ब्रिटनच्या संघाला तयार करणारे मॅट बस्बी स्कॉटलंडचे होते. तो संघ चौथा आला. त्याच स्पर्धेत स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघही पहिल्यांदा उतरला होता. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. पुढे १९७४ साली इंग्लंडच्या संघटनेने हौशी आणि पगारी हा भेदच काढून टाकला. हौशींचा संघ संपला, आणि त्याबरोबर ऑलिंपिकमधला ब्रिटनचा संघही बंद पडला.

२००५ साली ठरलं, की २०१२ चं ऑलिंपिक लंडनला होणार. घरचंच कार्य, आणि यजमानांचा फुटबॉल संघ नाही, हे कसं दिसेल? इंग्लंडची संघटना तयार झाली. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या तिन्ही संघटनांनी विरोध केला. फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी सांगितलं, की तुमच्या वेगळेपणाला धक्का लागणार नाही. तिघांचं समाधान झालं नाही. आश्वासन आज देणारा माणूस उद्या त्या खुर्चीवर असतोच असं नाही, हा त्यांचा हिशेब होता. आणि तो चुकीचा नव्हता. पुढे २०१५ साली ब्लाटर यांना खुर्ची सोडावी लागलीच.

प्रेक्षकांच्या मनात तर दोन्ही बाजूंची ओढाताण. वेल्सचंच बघा. १९५८ नंतर वेल्सचा पुरुष संघ कुठल्याच मोठ्या स्पर्धेला पोचला नव्हता. रायन गिग्ज हा वेल्सचा खेळाडू जगभर नावाजलेला, पण विश्वचषक त्याच्या नशिबी कधी आला नाही. ३८ व्या वर्षी त्याला एकत्र संघाचा कर्णधार म्हणून ऑलिंपिक मिळत होतं. वेल्सच्या माणसाने काय म्हणावं? आपल्या गिग्जला शेवटी मोठं मैदान मिळालं म्हणून आनंद मानावा, की त्याच्या अंगावर आपली लाल जर्सी नाही म्हणून हळहळावं? निवडलेल्या १८ जणांत १३ इंग्लंडचे आणि ५ वेल्सचे होते. स्कॉटलंडचा एकही नाही, उत्तर आयर्लंडचा एकही नाही. सामन्याआधी ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजलं तेव्हा वेल्सचे खेळाडू ओठ मिटून उभे राहिले. त्यांच्या घरच्या सामन्यांना वेल्श भाषेतलं स्वतःचं गीत म्हटलं जातं, आणि हे गीत ते इंग्लंडचं मानतात. त्यावरून टीका झाली. तो संघ वेल्सच्याच राजधानीत, कार्डिफला, दक्षिण कोरियाकडून पेनल्टीवर हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. गंमत अशी, की चारच वर्षांनी, २०१६ साली, वेल्स स्वतःच्या नावाने युरोपच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की वाटतं, छोट्यांनी आपली चूल जपावी हेच खरं. पण मैत्रिणींनो, ही झाली पुरुषांच्या बाजूची गोष्ट. आता बायकांच्या बाजूने बघू.

पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले आणि कारखाने बायकांनी चालवले. इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावी डिक-कर नावाच्या कारखान्यातल्या कामगार मुलींनी फुटबॉलचा संघ काढला. त्यांचे सामने धर्मादाय कामासाठी होत. लोकांना ते इतके आवडले, की २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या एका मैदानावर त्यांना बघायला ५३ हजार लोक आले. हजारो लोकांना आत जागाच मिळाली नाही. आणि पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला, की हा खेळ बायकांना योग्य नाही, आपल्या क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये. जोडीला असंही म्हटलं, की या सामन्यांचा जास्तच पैसा खर्चात जातो. बायकांनी पैसा गोळा केला की आधी त्यांच्या हिशेबावर बोट ठेवायचं, ही रीत तिथेही होती म्हणायची! ही बंदी पन्नास वर्षं टिकली. उठली १९७१ च्या सुमारास.

नोव्हेंबर १९७२ मध्ये इंग्लंडच्या बायकांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. तोही स्कॉटलंडमध्ये, स्कॉटलंडच्याच बायकांशी. इंग्लंड ३-२ असं जिंकलं. पुरुषांच्या पहिल्या सामन्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. स्कॉटलंडच्या संघटनेने तर त्या वेळी आपल्या बायकांच्या संघाला मान्यताही दिलेली नव्हती. ज्या चुलीचा पुरुष एवढा अभिमान सांगत होते, तिथे बायकांना बसायला पाटच नव्हता. म्हणून वेगळेपणा जपा असं कोणी म्हटलं, की आम्हाला आधी विचारावंसं वाटतं, त्या वेगळेपणात बायकांना काय मिळालं?

ऑलिंपिकमध्ये बायकांचा फुटबॉल आला १९९६ साली. पुरुषांमध्ये तिथे बहुतेक खेळाडू २३ वर्षांखालचे लागतात. बायकांमध्ये तशी अट नाही, देशाचा मुख्य संघच उतरतो. त्यामुळे बायकांना ऑलिंपिक हे विश्वचषकाच्या तोडीचं आहे. २००७ च्या विश्वचषकातल्या कामगिरीवर इंग्लंडच्या मुलींनी पुढच्या वर्षीच्या बीजिंग ऑलिंपिकची जागा कमावली होती. पण इंग्लंड नावाचा देश ऑलिंपिकमध्ये नाही आणि ब्रिटन नावाचा संघ नाही. जागा दुसऱ्यांना गेली. २०१५ साली त्या विश्वचषकात तिसऱ्या आल्या. रिओ ऑलिंपिकला तेवढं पुरलं असतं. पण बाकी तीन संघटनांचा विरोध होता, म्हणून संघ पाठवायचा विचार आधीच सोडून दिला होता. पुन्हा जागा गेली. खेळाडूची उमेदीची वर्षं किती असतात? त्यातली चार-चार वर्षं मोठ्यांच्या वादात निघून जातात.

मधल्या २०१२ साली मात्र दार उघडलं होतं. पुरुषांच्या संघाबरोबर बायकांचाही संघ झाला. प्रशिक्षक होत्या होप पॉवेल. १८ जणींत १६ इंग्लंडच्या आणि दोन स्कॉटलंडच्या : किम लिटल आणि इफेओमा डिएके. उद्घाटनाच्याही दोन दिवस आधी, २५ जुलैला, कार्डिफला त्यांचा न्यूझीलंडशी सामना झाला. लंडन ऑलिंपिकची सुरुवातच अशी बायकांच्या फुटबॉलने झाली. ३१ जुलैला वेम्बलीच्या मोठ्या मैदानावर त्यांनी ब्राझीलला १-० असं हरवलं. बघायला सत्तर हजारांहून जास्त लोक होते. ज्या संघटनेने बायकांना मैदानाबाहेर काढलं होतं, तिच्याच मैदानावर. पुढच्या फेरीत त्या कॅनडाकडून हरल्या, पण ती संध्याकाळ तिथले लोक अजून सांगतात.

त्या सामन्यांतही राष्ट्रगीताच्या वेळी स्कॉटलंडच्या दोघी गप्प उभ्या होत्या. त्यांनाही बोल लावले गेले. म्हणजे एकीकडून ऐकायचं, की तुम्ही दुसऱ्याच्या संघात गेलातच कशाला. दुसरीकडून ऐकायचं, की आलात तर गात का नाही. सासर-माहेर दोन्हीकडचं ऐकून घेणारी बाई आपल्याला नवीन नाही. किम लिटल मन लावून खेळली. पायाने ती त्या संघाची होती आणि मनाने स्कॉटलंडची. त्यात खोटं काय होतं?

पुढे चारही संघटनांनी मधला मार्ग काढला. पुरुषांचा संघ नाही, पण बायकांचा एकत्र संघ पाठवायचा. पात्रतेसाठी इंग्लंडची कामगिरी धरायची. इंग्लंड पात्र ठरलं, की चौघांकडून खेळाडू निवडायच्या. त्याप्रमाणे २०२१ साली टोकियोला संघ गेला. त्यात स्कॉटलंडच्या किम लिटल आणि कॅरोलाइन वीअर होत्या, वेल्सची सोफी इंगल होती. ऑस्ट्रेलियाकडून त्या ४-३ अशा हरल्या, जादा वेळेत.

या मधल्या मार्गातला काटा कुठे होता, ते २०२३ साली दिसलं. पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी इंग्लंडला आपल्या गटात पहिलं यायचं होतं. त्याच गटात नेदरलँड्स, बेल्जियम आणि स्कॉटलंड. ५ डिसेंबर २०२३ ला शेवटचा सामना होता इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर. इंग्लंडला नुसतं जिंकून भागणार नव्हतं, खूप गोलांनी जिंकायचं होतं. आता स्कॉटलंडच्या मुलींची अवस्था बघा. त्या मोठ्या फरकाने हरल्या तर ब्रिटनचा संघ ऑलिंपिकला जाण्याची शक्यता, आणि मग त्यांच्यातल्याच काही जणींना ऑलिंपिक खेळायला मिळण्याची शक्यता. त्या जीव तोडून खेळल्या तर स्वतःचंच दार बंद. सामन्याआधी त्यांना विचारलं गेलं, तुम्ही खरंच जिंकायला खेळणार ना? स्कॉटलंडच्या प्रशिक्षकाला आणि कर्णधाराला तो प्रश्नच अपमानाचा वाटला. वाटणारच.

सामन्यात इंग्लंडने सहा गोल केले. सहावा गोल अगदी शेवटच्या मिनिटांत झाला आणि क्षणभर वाटलं, जमलं! तेवढ्यात तिकडे नेदरलँड्सने बेल्जियमवर शेवटच्या मिनिटांत आणखी गोल केले. ४-० असं जिंकून नेदरलँड्स एका गोलाच्या फरकाने पुढे गेलं. पॅरिसला ब्रिटनचा संघ गेलाच नाही. स्कॉटलंडच्या चाहत्यांच्या वाट्याला घरच्या मैदानावरचा ०-६ असा पराभव आला, आणि त्यातून कुणालाच काही मिळालं नाही. खेळाडूंनी काही चुकीचं केलं नव्हतं. चूक नियमात होती. तुझं हरणं तुझ्याच फायद्याचं, अशी व्यवस्था कोणी कोणासमोर ठेवू नये.

जगात याच्या उलटीही उदाहरणं आहेत. वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ आपल्या घराघरांत माहीत आहे. तो एक देश नाही. कॅरिबियन समुद्रातले अनेक छोटे देश मिळून तो संघ होतो, आणि १९२८ पासून तो एकत्र कसोटी खेळतो. तिथे एकत्र असणं हाच अभिमान आहे. पण १९७३ च्या बायकांच्या पहिल्या विश्वचषकात जमैका आणि त्रिनिदाद-टोबॅगो वेगवेगळे उतरले होते. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतही देशाप्रमाणे संघ लागत होते, म्हणून बार्बाडोस एकट्याने खेळायला आलं. आपल्या संघाने त्यांना १०० धावांनी हरवलं आणि आपल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने त्या सामन्यात नाबाद ५६ धावा केल्या. म्हणजे ब्रिटनमध्ये स्पर्धेचा नियम वेगळ्यांना एकत्र आणतो, आणि वेस्ट इंडीजमध्ये तोच एकत्र असलेल्यांना वेगळं करतो.

या सगळ्यातून आम्हाला काय वाटतं, ते सांगतो. एकी चांगली की वेगळेपण चांगलं, असा प्रश्नच आम्ही मांडत नाही. १९४७ चा सामना एकत्र होता आणि चौघांना मान होता. २०१२ चा पुरुषांचा संघही एकत्र होता, पण दोघांना ताटच नव्हतं. १९२१ ची संघटना वेगळेपणाने चालत होती, आणि तिनेच बायकांना बाहेर काढलं. मनात दोन गोष्टी एकदम असणं हा काही दुबळेपणा नाही. किम लिटलच्या खेळासाठी टाळ्या वाजवायच्या आणि तरीही आपली निळी जर्सी जपायची, हे स्कॉटलंडच्या बाईला जमतं. आपल्यालाही जमतं. आपण ग्रामसंघाची सभा गाजवून येतो आणि रात्री आपल्या गटाची वही आपल्याच हाताने लिहितो.

पण एकत्र येण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. या आठवड्याच्या बैठकीत तुमच्या गटात हे प्रश्न घ्या. एक, मोठ्या संघाच्या नावात, फलकावर, निर्णयात आपल्या छोट्या गटाचं नाव आणि मत कुठे आहे? दोन, आपलं वेगळं खातं, वेगळी वही राहील, हे तोंडी ठरलंय की लेखी? तीन, एकत्र आल्यामुळे कुणा एका गटाचं नुकसान दुसऱ्याच्या फायद्याचं होईल, असा एखादा नियम नकळत झालाय का? आणि चौथा प्रश्न, जो ब्रिटनमध्ये फार उशिरा विचारला गेला : आपण जपतोय त्या जुन्या व्यवस्थेत आजवर कोण बाहेर उभी होती?

काय बोलणं झालं, कुठे एकमत झालं आणि कुठे नाही, ते आम्हाला जरूर कळवा. एकमत झालं नाही तरी चालेल, पण बोलणं व्हायला हवं.